काटा दिल्लीला नेला तर?

एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गात 'वस्तुमान आणि वजन' हा घटक घेण्याचे काम आमच्याकडे आले होते. वर्गात चाळीसएक शिक्षक होते. व्याख्या विचारण्यात काही अर्थ नव्हता, त्या सर्वांना तोंडपाठ होत्या. वस्तुमान म्हणजे वस्तूतील द्रव्यसंचय. वजन म्हणजे पृथ्वी ज्या बलाने वस्तूला आपल्याकडे ओढते ते बल. पहिले सगळीकडे सारखे, दुसरे जागेप्रमाणे बदलणारे. चंद्रावर वजन एक षष्ठांश. हे सगळे बरोबरच आहे. म्हणून आम्ही फळ्यावर एवढाच प्रश्न लिहिला: मुंबईच्या झवेरी बाजारात नीट जुळवून घेतलेला एक इलेक्ट्रॉनिक काटा १०० ग्रॅम सोने बरोबर १००.०० ग्रॅम दाखवतो. तोच काटा आणि तेच सोने दिल्लीला नेले आणि काट्याला हात न लावता पुन्हा तोलले, तर किती दिसेल?

जवळजवळ सर्वांचे उत्तर एकच आले. १०० ग्रॅम. एक गुरुजी म्हणाले, "चंद्रावर नेला असता तर बदलले असते. दिल्ली काही चंद्रावर नाही!" वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण सारी गोम याच वाक्यात आहे. वस्तुमान आणि वजन यांतला फरक आपण शिकवतो तो चंद्रावरचा म्हणून. त्यामुळे विद्यार्थ्याची अशी समजूत होते, की पृथ्वीवर राहणाऱ्याला या फरकाचे काही कारण नाही. परीक्षेपुरता तो पाठ करावा आणि विसरावा. प्रत्यक्षात काटा दिल्लीत सुमारे १००.०५ ग्रॅम दाखवेल. सोनाराचा काटा १० मिलिग्रॅमपर्यंत वाचत असेल तर हा फरक पाच घरांचा झाला. सोने कणभरही वाढलेले नाही. मग वाढले काय?

ते पाहण्याआधी एक शब्दाची अडचण दूर करू. मराठीत 'वजन' हा शब्द फार कामे करतो. वाण्याच्या दुकानातला पितळेचा किंवा लोखंडाचा ठोकळा, तेही वजन. गोणीत किती माल आहे, तेही वजन. पृथ्वीची ओढ, तेही वजन. शिवाय गावात एखाद्याच्या शब्दाला वजन असते ते निराळेच. 'वस्तुमान' हा शब्द मात्र पुस्तकातला. बाजारात तो कोणी उच्चारत नाही. म्हणजे मूल शाळेत येते तेव्हा त्याच्याजवळ एकच शब्द असतो आणि आपण त्याला सांगतो, की यात दोन राशी आहेत. केवळ व्याख्या सांगून हे त्याला पटत नाही. दोन राशी आहेत हे दाखवायचे तर दोन निरनिराळी साधने समोर ठेवावीत.

पहिले साधन जुना दोन पारड्यांचा तराजू. एका पारड्यात माल, दुसऱ्यात ठोकळा. पृथ्वी दोघांनाही ओढते. ओढ सारखी झाली की दांडी आडवी राहते. हा तराजू दिल्लीला न्या, उत्तर ध्रुवावर न्या, चंद्रावर न्या. मालाची ओढ जेवढ्या पटीने बदलेल तेवढ्याच पटीने ठोकळ्याचीही बदलेल आणि दांडी आडवीच राहील. म्हणजे तराजू ओढीचा उपयोग करून घेतो, पण उत्तरातून ओढ कटून जाते. उरते ते वस्तुमान. आमच्या वर्गातील निम्म्याहून अधिक शिक्षकांनी 'चंद्रावर तराजू एक षष्ठांश दाखवेल' असे आधी सांगितले होते. त्यांची चूक नाही. तराजू 'वजन करतो' असे आपण म्हणतो आणि चंद्रावर वजन कमी होते असेही म्हणतो. दोन्ही वाक्ये जोडली की हाच निष्कर्ष निघणार.

दुसरे साधन स्प्रिंगचा काटा. त्याला दुसरे पारडे नाही. स्प्रिंग किती ताणली हे तो सांगतो आणि ताणते ती पृथ्वीच्या ओढीने. म्हणून तो मोजतो ते बल. त्याच्या पट्टीवर खरे तर न्यूटन लिहिलेले हवे. आपण तिच्यावर किलोग्रॅम लिहितो ते एका सोयीसाठी: इथे पृथ्वी एका किलोग्रॅमला सुमारे ९.८ न्यूटन बलाने ओढते हे ठाऊक असल्यामुळे भागाकार आधीच करून पट्टी आखून ठेवलेली असते.

आता दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा या दोहोंपैकी कोणत्या जातीचा? वर्गात यावर बराच वाद झाला. तो स्प्रिंगच्या जातीचा आहे. बहुतेक दुकानी काट्यांत ताटलीखाली धातूची एक छोटी दांडी असते. माल ठेवला की ती केसभर वाकते. तिच्यावर चिकटवलेली अतिशय बारीक तार किंवा पट्टी त्याबरोबर ताणली जाते आणि तिचा विद्युतरोध बदलतो. तो बदल मोजून आतले मंडल आकडा दाखवते. म्हणजे मोजले गेले बल आणि दाखवले गेले किलोग्रॅम. मधला भागाकार यंत्राच्या स्मृतीत साठवलेल्या एका संख्येने होतो आणि ती संख्या ज्या गावी काटा जुळवला त्या गावची असते.

गावागणिक ती संख्या बदलते. गुरुत्व त्वरण विषुववृत्तावर समुद्रसपाटीला सुमारे ९.७८० मीटर प्रति सेकंद वर्ग, तर ध्रुवांवर ९.८३२. मुंबईत ते सुमारे ९.७८६ आहे, दिल्लीत ९.७९१, लंडनमध्ये ९.८१२. आपली सोन्याची चीप मुंबईचा काटा घेऊन लंडनला गेली तर १०० ग्रॅमऐवजी सुमारे १००.२७ ग्रॅम भरेल. उंचीमुळेही फरक पडतो: मोकळ्या हवेत वर गेलो तर दर किलोमीटरला ओढ सुमारे ०.०३ टक्के कमी होते. डोंगरावर ही घट थोडी कमी असते, कारण पायाखाली डोंगराचेही द्रव्य ओढत असते.

हा फरक काही आधुनिक यंत्रांनी शोधलेला नाही. १६७२ साली ज्यां रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ निरीक्षणांसाठी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील कायेन या गावी गेला. ते विषुववृत्तापासून जेमतेम पाच अंश उत्तरेला आहे. पॅरिसमध्ये अचूक चालणारे त्याचे लंबकाचे घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. घड्याळ बरोबर चालावे म्हणून त्याला लंबक जवळजवळ तीन मिलिमीटरने आखूड करावा लागला. उष्णतेने दांडा वाढला असेल, अशी शंका तेव्हा घेतली गेली. पण तेवढ्याने हिशेब जुळेना. न्यूटनने १६८७च्या आपल्या ग्रंथात या निरीक्षणाचा अर्थ लावला. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे विषुववृत्तावर ओढीचा थोडा भाग वस्तूला गोल फिरवत ठेवण्यात खर्च होतो. शिवाय फिरण्यामुळेच पृथ्वी मध्यभागी फुगलेली आहे, म्हणून विषुववृत्तावरचा माणूस तिच्या केंद्रापासून जरा लांब असतो. आजच्या मापनांप्रमाणे हे अंतर सुमारे २१ किलोमीटर जास्त भरते. लंबकाच्या गोळ्याचे वस्तुमान पॅरिसहून कायेनला जाताना बदलले नव्हते. बदलली होती त्याच्यावरची ओढ. घड्याळ मागे पडले ते त्यामुळे.

मग दिल्लीचा सोनार गिऱ्हाइकाला दर १०० ग्रॅममागे ५० मिलिग्रॅमने फसवतो का? नाही, कारण काटा त्याच्या दुकानात बसवल्यावर प्रमाणित वजन ठेवून तिथल्या तिथे जुळवला जातो आणि वैधमापन खात्याची तपासणीही प्रमाणित वजनांनीच होते. या जुळवणीचा अर्थ विद्यार्थ्यांना जरूर सांगावा. प्रमाणित ठोकळा ठेवून 'हे १०० ग्रॅम' असे काट्याला शिकवणे म्हणजे दुसरे पारडे क्षणभर परत आणणे होय. इलेक्ट्रॉनिक काटा हा एका अर्थी दोन पारड्यांचा तराजूच आहे. फक्त दुसऱ्या पारड्यातला ठोकळा तो आठवणीत ठेवतो. गाव बदलले की ती आठवण चुकीची ठरते.

किलोग्रॅमचे आंतरराष्ट्रीय प्रमाणही या प्रश्नातून सुटलेले नाही. पॅरिसजवळ ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल म्हणजे एक किलोग्रॅम, ही व्याख्या २० मे २०१९ रोजी संपली आणि किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकाशी जोडला गेला. नव्या व्याख्येप्रमाणे प्रत्यक्ष वस्तुमान ठरवण्याची एक रीत म्हणजे किबल तराजू. त्यात वस्तूचे वजन विद्युतचुंबकी बलाने तोलून धरतात. मोजले जाते ते बल. त्यावरून वस्तुमान काढायचे तर त्या खोलीतले गुरुत्व त्वरण ठाऊक हवे, तेही आठ-नऊ अंकांपर्यंत. म्हणून शेजारी निर्वात नळीत एक आरसा खाली टाकून लेसरच्या साहाय्याने त्याचे पडणे मोजतात. गॅलिलिओने पाहिले असते तर त्याला आनंद झाला असता.

इथे एक जुने कोडे आठवते. एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड? चतुर मुलगा म्हणतो, दोन्ही सारखे. पण खरोखर एक-एक किलोग्रॅम वस्तुमानाचे कापूस आणि लोखंड तराजूत घातले तर लोखंडाचे पारडे किंचित खाली जाईल. आपण हवेच्या तळाशी राहतो आणि हवा प्रत्येक वस्तूला थोडी उचलून धरते. एक किलो लोखंड जेमतेम १३० घनसेंटिमीटर जागा व्यापते, कापसाचे तंतू सुमारे ६७० घनसेंटिमीटर. (गठ्ठ्यातल्या पोकळ्यांत हवाच असते, ती मोजायची नाही.) लिटरभर हवा सुमारे १.२ ग्रॅम, म्हणून लोखंड ०.१५ ग्रॅमने आणि कापूस ०.८ ग्रॅमने हलका भासतो. दोन पारड्यांच्या तराजूतही अशा फटी असतात.

आतापर्यंत आपण वस्तुमान ओळखले ते ओढीतूनच. पण ओढ अजिबात न वापरता ते कळते का? कळते आणि या घटकातला आम्हाला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रयोग तोच आहे. आधी झोपाळा आठवा. झोपाळ्यावरच्या माणसाचा भार कड्यांनी पेललेला असतो. आपल्याला तो उचलायचा नसतो. तरीही लहान मुलाला झोका देणे सोपे आणि दणकट मामाला देणे अवघड. जोरात आलेला मामा थांबवणे तर त्याहून अवघड. स्थिती बदलायला वस्तू जो विरोध करते, ते जडत्व. आणि जडत्वाचे माप म्हणजेच वस्तुमान.

वर्गात हे मोजायचे तर लोखंड कापायचे एक हॅकसॉ ब्लेड घ्या. ते टेबलाच्या कडेला घट्ट आवळा. एक टोक बाहेर राहू द्या आणि पाते उभे धरा, म्हणजे त्याची रुंद बाजू भिंतीसारखी राहील. आता ते वर-खाली न हलता डावी-उजवीकडे हलेल. हे महत्त्वाचे आहे, कारण पृथ्वीची ओढ खालच्या दिशेने असल्याने या हालचालीत तिचा जवळजवळ काही संबंध येत नाही. टोकाला ५० ग्रॅमचे वजन चिकटपट्टीने पक्के बांधा, बाजूला ओढून सोडा आणि वीस हेलकाव्यांना लागणारा वेळ मोजा. मग ५० ऐवजी २०० ग्रॅम बांधून पुन्हा मोजा. पात्याच्या लांबीप्रमाणे सेकंद वेगळे येतील, पण चौपट वस्तुमानाला वेळ जवळजवळ दुप्पट लागलेला दिसेल. नंतर कागदात गुंडाळलेली एखादी अज्ञात वस्तू बांधून, केवळ हेलकावे मोजून तिचे वस्तुमान मुलांना काढायला सांगा आणि शेवटी तराजूवर पडताळा घ्या. आमच्या वर्गात पहिल्या खेपेला उत्तर पार चुकले. पाते टेबलावर सैल होते. पाचर मारून आवळल्यावर पुष्कळच जवळ आले.

असे पाते चंद्रावर नेले तरी तेवढेच सेकंद दाखवील आणि अंतराळयानातही. १९७३ साली स्कायलॅब या अमेरिकन अंतराळस्थानकात अंतराळवीरांचे 'वजन' याच तत्त्वावर करीत. स्प्रिंगवर बसवलेल्या खुर्चीत माणसाला घट्ट बांधायचे, खुर्ची हलवायची आणि एका हेलकाव्याचा वेळ मोजायचा. साधा काटा तिथे शून्य दाखवतो, पण माणूस काही शून्य झालेला नसतो. अनेक आठवडे तिथे राहिल्यावर तो बारीक झाला का, हे डॉक्टरांना कळायलाच हवे.

काटा तिथे शून्य का दाखवतो, याचे उत्तर बहुधा 'तिथे गुरुत्वाकर्षण नाही' असे दिले जाते. ते चूक आहे. १९८४ साली राकेश शर्मा सॅल्यूत-७ मध्ये होते किंवा २०२५ साली शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात होते, तेव्हा पृथ्वी त्यांना चांगलीच ओढत होती. चारशे किलोमीटर उंचीवर गुरुत्व त्वरण सुमारे ८.७ असते, म्हणजे जमिनीवरच्या जवळजवळ नऊ दशांश. पण यान, काटा आणि माणूस हे तिघे त्या ओढीने बरोबरच पृथ्वीकडे पडत असतात. आडवा वेग प्रचंड असल्याने जमीन मात्र त्यांना गाठत नाही. पडत्या काट्यावर पडता माणूस दाब कसा देणार? मग त्याचे वजन आहे की नाही? ओढ म्हणजे वजन म्हटले तर आहे. काट्यावरची नोंद म्हणजे वजन म्हटले तर नाही. पुस्तकांतून दोन्ही व्याख्या आढळतात. शाळेत पहिलीच धरावी आणि दुसरीला सरळ 'काट्यावरची नोंद' म्हणावे, असे आमचे मत आहे. 'भारहीन' या शब्दाने नको ते गैरसमज होतात.

आता एका हुशार मुलीने विचारावा असा प्रश्न. तराजू ओढीवरून वस्तुमान काढतो, पाते जडत्वावरून काढते. दोन्ही उत्तरे जुळायलाच हवीत असे कोणी सांगितले? पृथ्वीने सोन्याला त्याच्या जडत्वाच्या मानाने थोडे जास्त आणि कापसाला थोडे कमी ओढले असते तर? मग प्रत्येक पदार्थ वेगळ्या त्वरणाने खाली पडला असता आणि काट्यात साखरेसाठी एक भाजक, लोखंडासाठी दुसरा भाजक ठेवावा लागला असता. न्यूटनला ही शंका आली होती. त्याने सारख्या लाकडी डब्यांचे लंबक करून त्यांत सोने, चांदी, शिसे, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि चक्क गहूही भरून पाहिले. हजारात एक एवढाही फरक दिसला नाही. हंगेरीच्या एट्व्हशने पिळाच्या तराजूने ही तपासणी कितीतरी बारीक केली. आपल्याकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या रमानाथ कौशिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकात गौरीबिदनूर येथे जमिनीखालच्या प्रयोगशाळेत पिळाच्या तराजूने अशा सूक्ष्म फरकाचा शोध घेतला. मायक्रोस्कोप या फ्रेंच उपग्रहाने २०१६ ते २०१८ या काळात टायटॅनियम आणि प्लॅटिनम यांची तुलना केली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अंतिम निष्कर्षांत एकावर पंधरा शून्ये एवढ्या भागांत एखाद-दुसऱ्या भागापर्यंत तपासूनही फरक सापडला नाही. न्यूटनच्या यामिकीत ही समानता केवळ मान्य करून टाकलेली आहे. आइन्स्टाइनने १९०७ साली तिच्यापासूनच सुरुवात केली आणि पुढे गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत उभारला.

प्रशिक्षण वर्गाच्या शेवटी शिक्षकांचा व्यवहारी प्रश्न आला. विद्यार्थ्याने 'माझे वजन ४५ किलो' लिहिले तर गुण कापायचे का? साखरेच्या पुडीवर 'निव्वळ वजन १ किलो' छापलेले तो रोज पाहतो. आम्ही उलट विचारले, की वाण्याकडे दहा न्यूटन साखर मागितली तर काय होईल? मुंबईत मिळेल त्याहून दिल्लीत अर्ध्या ग्रॅमने कमी मिळेल आणि विषुववृत्तावरच्या गावी जरा जास्त. चहा गोड होतो तो साखरेच्या वस्तुमानाने, तिला पृथ्वी किती ओढते याने नाही. म्हणून बाजाराला हवे असते ते वस्तुमानच. त्याने त्याला वजन हे नाव दिले आहे एवढेच. पण विहिरीचा दोर तुटेल का, लिफ्ट किती माणसे उचलेल, पुलावरून मालमोटार जाईल का, असे प्रश्न आले की तिथे ओढच मोजावी लागते, न्यूटनमध्ये. तेव्हा बोलण्यात आणि निबंधात '४५ किलो वजन' चालू द्यावे. बलाच्या उदाहरणात मात्र तोच विद्यार्थी ४५ ला ९.८ ने गुणायला विसरला तर गुण कापावेत. ते चंद्राचे गुरुजी यावर म्हणाले, "आणि दिल्लीचा विद्यार्थी असेल तर ९.७९१ ने?" आम्ही म्हटले, पेपर सोनाराने काढला असेल तर.